कागदावर न लिहिलेलं काडतूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, ज्यांच्याबरोबर पत्रकं चिकटवत यवतमाळ पालथं घातलं त्या सोबत्यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझं लिहिलेलं वाचता आणि त्यावर विश्वास ठेवता — आणि तीच तर अडचण आहे.

मी पत्रकांवर वाढले. मारेगावजवळच्या आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती. बाबांनी आणलेली पत्रकं होती — कापसाच्या भावाची, दारूबंदीची, हुंड्याची. अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे मला लहानपणापासून वाटत आलं, की खोटं बोलतात ते दुसरे. आपण फक्त खऱ्याच्या बाजूने ओरडायचं.

बाबांकडे बारा बोअरची बंदूक होती. शेतरक्षणाचा परवाना असलेली, रीतसर. निवडणूक लागली की परवाना असलेल्यांनी बंदूक ठाण्यात जमा करायची, ही आमच्याकडची रीत. विधानसभेच्या वेळी नोटीस आली ती नेमकी तूर फुलावर आणि कापूस वेचणीला असताना. रानडुकरं रोज उतरत होती. बंदूक जमा करायचा अर्ज मी भरला — घरातली लिहिणारी मीच. बंदूक लिहिली. छर्र्याची काडतुसं लिहिली.

काडतुसांच्या डब्याच्या तळाशी आणखी काही होतं. गोळीचं काडतूस — ज्यात बारीक छर्र्यांऐवजी शिशाची एकच जाड गोळी असते. छर्रा थोड्या अंतरावर विरतो. ही गोळी तूर, धुरा म्हणजे शेताचा बांध, पलीकडचं वावर ओलांडून जाते, आणि तिकडे कोण वाकून कापूस वेचतंय हे तिला दिसत नाही. ते कुण्या पाहुण्याने दिलेलं, बिनपावतीचं. लिहिलं तर विचारतील, कुठून आणलं? म्हणून लिहिलं नाही. बाबांना म्हटलं, सगळं भरलंय, सही करा. त्यांनी न वाचता केली. माझं अक्षर होतं ना!

इथेच थांबले असते तरी तो गुन्हाच होता. पण मी थांबले का?

आमच्या धुऱ्याला लागून किसनकाकांचं वावर. तांड्यावरचे, बैलांवर मीठ आणि धान्य वाहून नेणाऱ्यांच्या घरातले, आता तीन एकर तुरीचे मालक. त्यांच्याकडे पाइपाची एक गावठी बंदूक होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एका सकाळी डुकरांनी उकरलेल्या तुरीच्या ओळींत उभे राहून ते मला म्हणाले, "काहून वं पोरी, आचारसंहिता डुकरायले लागत नाही का?" मी हसले. मग पेटले. सरकार बंदूक नेतं, पीक कोण राखणार, कायदा कुणासाठी — अर्धा तास बोलले असेन. ते दातात काडी धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "भाषण झालं असन तं चाय पी."

दुपारी मी ते काडतूस ओढणीच्या गाठीत बांधून नेलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मागितलं नव्हतं. हे वाक्य पुन्हा लिहिते — त्यांनी मागितलं नव्हतं. परवाना नसलेल्या माणसाला काडतूस देणं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. ती नळी ते झेलणार नाही, हे माहीत नव्हतं असं म्हणू? मी आठवीत असताना बाबांनीच सांगितलं होतं, एका बंदुकीचं काडतूस दुसरीत कधी घालायचं नाही.

दिवस मावळताना आवाज झाला. नेहमीच्या बारासारखा नव्हता. पत्रा फाटल्यासारखा होता. मी अंगणात उभी होते. मी सगळ्यात आधी काय केलं असेल? ओढणी धुतली.

नळी फुटली होती. उजव्या हाताची तीन बोटं गेली, उजवा डोळा गेला. ते दवाखान्यात असतानाच गुन्हा दाखल झाला. काडतूस कुठून आणलं? "रानात सापडलं," एवढंच ते म्हणाले. तांड्यावरचा माणूस म्हटल्यावर आणखी काय शोधायचं? धुऱ्याअलीकडच्या पत्रकवाल्या मुलीला तर कुणी काहीच विचारलं नाही.

आणि मग मी पत्रक लिहिलं. 'गावठी बंदूक : अडाणीपणाचा बळी.' नाव बदललं होतं, हात तोच. 'अडाणी' हा शब्द माझा. कायदा काय म्हणतो ते सांगितलं, फुटणाऱ्या नळ्यांचे धोके सांगितले — सगळं खरं. एवढ्या खऱ्यात केवढं खोटं मावतं! लोकांनी वाचलं, मला भाषणांना बोलावू लागले. केळापूरच्या सभेत ते वाचून दाखवलं तेव्हा किसनकाका मागे उभे होते. कोर्टाची तारीख होती म्हणून तिकडे आलेले. सभा संपल्यावर जवळ आले, हसले. "बोटं गेली पोरी, पण छापून तं आली." मी नमस्कार केला. दुसरं काहीच केलं नाही.

आता राहिलेलं. वर मी एकच काडतूस असल्यासारखं लिहिलं — लिहितानाही तेच केलं, बघा. दोन होती. दोन्ही मी दिली. फुटलं एक. दुसरं परत मागायचं म्हणजे पहिलं तोंडावर कबूल करायचं, म्हणून मागितलं नाही. त्या घरात सून आहे, नातवंडं आहेत, चूल आहे. मी रोज त्या चुलीचा धूर पाहत होते आणि गप्प होते.

काल मी त्यांच्याकडे गेले. ते डाव्या हाताने तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. दुसऱ्या काडतुसाचं विचारलं. त्यांनी उरलेला डोळा माझ्याकडे वळवला.

"ज्वारीच्या कोठीत ठेवलं होतं," ते म्हणाले. "दवाखान्यातून आलो तं नव्हतं. मले वाटलं, तूच घेऊन गेलती."

मी नेलं नव्हतं.