जास्वंदीच्या दोन बशा

देवपुरातल्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रमजानभाई अठरा वर्षं शिपाई होते, पण एका जागी उभं राहणं त्यांना कधी जमलं नाही. तास चालू असला की बाटल्या पुसायच्या निमित्ताने दाराशी घुटमळायचे. त्र्याण्णव साली सर पुण्याहून नवं काही शिकून आले. फुलाचा कुठला अवयव कुठे यायचा ते जनुकं ठरवतात, एक जनुक बिघडलं की पुंकेसराच्या जागी पाकळी उगवते, असं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. पोरं पेंगत होती. रमजानभाईंना मात्र दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला जास्वंद होती. फुलं आणायचं काम त्यांचंच. परीक्षा आटोपल्यावर बशा गोळा करताना ते थबकले. चोपड्याकडच्या अभिमन नावाच्या विद्यार्थ्याच्या बशीत फूल उभं चिरलेलं होतं, आणि आतल्या नळीवर पुंकेसरांऐवजी इवल्या पाकळ्या. पलीकडे परीक्षक हसत सरांना सांगत होते, "याने लिहिलंय, पुंकेसर नाहीत. नापास."

फुलं तोडताना रमजानभाईंनी घाईत नीट पाहिलंच नव्हतं. असं फूल आणखी कोणाला गेलं? एकेक बशी चाचपत ते सतराव्या बशीपाशी आले. अर्धवट मिटलेलं फूल, ब्लेड लागलेलंच नव्हतं. त्यांनी बोटाने उघडलं. आत तेच. सतरा नंबर मदिनाचा, त्यांच्या लेकीचा. तिने 'असंख्य पुंकेसर' लिहून पूर्ण गुण घेतले असणार.

बादली घेऊन ते तीनदा दारापर्यंत गेले नि परत आले. एक बशी दाखवावी, दुसरी बादलीत ओतावी. कोण विचारणार होतं? पण अशाने त्यांना झोप लागली नसती, आणि हे त्यांचं त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही बशा परीक्षकांपुढे ठेवल्या.

परीक्षकांनी भिंग लावून पाहिलं, अभिमनचा पेपर पुन्हा ओढला आणि लाल रेघ खोडली. मग सतराव्या बशीकडे बोट केलं. "आणि हिने?"

"तिनं फूल उघडलंच नाही, साहेब. माझीच पोरगी आहे."

परीक्षकांनी मदिनाचा पेपर शोधून काढला. रमजानभाई तिथे थांबले नाहीत.

मदिना बाहेर सायकलपाशी उभी होती. इतकी खूश त्यांनी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"अब्बा," ती म्हणाली, "महिनाभर तुम्ही पाठ करून घेत होतात ना, अगदी तेच आलं."