एकवीस नंबरच्या गेटवर

शनिवारी सकाळी सात वाजता मी दुबईतल्या एका मॉलमध्ये, चक्क बर्फाच्या उतारावर उभी होते. हातात क्लिपबोर्ड, अंगात नवऱ्याचं जॅकेट आणि डोक्यात एकच विचार… आज जुईनं दोन्ही वेळा धड खाली पोचावं, बस्स.

जुई माझी मुलगी, वय सतरा. वाढली दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीत आणि खेळ निवडला तो स्की स्लॅलम! म्हणजे बर्फात रोवलेल्या लाल-निळ्या खांबांमधून नागमोडी वळणं घेत सुसाट खाली यायचं. नाशिकहून सासूबाई अजून विचारतात, "वाळवंटात बर्फ आणला कुठून गं?"

त्या दिवशी मुलींची इंटरनॅशनल रेस होती. आधीच्या दोन्ही रेसमध्ये जुईचं एकेक गेट, म्हणजे खांबाचं वळण, चुकलं होतं, त्यामुळे निकालात तिच्या नावापुढे वेळच नाही. कोचनी स्पष्ट सांगितलं होतं, या वेळी दोन्ही रन, म्हणजे दोन्ही फेऱ्या, पूर्ण केल्या तरच युरोपच्या कॅम्पसाठी तुझं नाव पाठवीन.

आणि मी तिथं गेट जज! ऐकायला भारी वाटतं, पण खरं म्हणजे आयोजकांना माणसं कमी पडतात आणि ते पालकांना धरून कामाला लावतात. माझ्याकडे वीस, एकवीस आणि बावीस नंबरची गेट्स होती. प्रत्येक मुलीच्या दोन्ही स्की खांबाच्या एकाच बाजूनं गेल्या का ते बघायचं. एक इकडून आणि एक तिकडून गेली की बाद… मग कार्डवर बर्फातल्या खुणांचं चित्रसुद्धा काढायचं.

तोंडातून फक्त दोन शब्द काढायची मुभा. मुलगी चुकली तर "बॅक", आणि थांबून विचारलं नि सगळं ठीक असलं तर "गो". चुकलेली मुलगी उतार चढून परत आली आणि तेच गेट नीट पार केलं, तर तिची रेस चालू राहते. घड्याळ मात्र कुणासाठी थांबत नाही.

आमच्या प्रमुख बाई ऑस्ट्रियाच्या. माझीच मुलगी रेसमध्ये आहे हे त्यांना मी आधीच सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "जे दिसेल ते लिहा."

आता मी फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. घरात यावरून माझी यथेच्छ टिंगल चालते… पोळी जरा करपली तर मी म्हणे पूर्ण बॅच रिजेक्ट करते!

पहिली रन छान झाली. दुसऱ्या रनला जुई वरून निघाली तेव्हा काचेपलीकडच्या कॅफेत मंदार, माझा नवरा, हात जोडून उभा दिसला. खोर फक्कानच्या पोर्टवरची ड्यूटी संपवून तो तसाच गाडी हाकत आला होता.

अठरा, एकोणीस, वीस… काय येत होती पोरगी! आणि एकविसाव्याला डाव्या स्कीचं टोक खांबाच्या चुकीच्या बाजूला गेलं. फार नाही, बोटभर. खांब तिच्या दोन पायांमधून वाकला आणि ती तशीच पुढे गेली.

खरं सांगते… अर्धा सेकंद माझ्या मनात आलं, कुणाला कळणारे? लिहितानाही लाज वाटतेय. पण आलं मनात.

मग मी ओरडले. "बॅक" वगैरे काही सुचलं नाही हो… "जुई, मागे! मागे फिर!" सगळ्या उतारावर ऐकू जाईल अशा आवाजात, अस्सल मराठीत.

ती बाविसाव्याच्या खाली कचकन थांबली. वर बघून एका शब्दानं विचारलं नाही. स्की आडव्या करून, धापा टाकत, एकेक पाऊल वर चढायला लागली.

एकविसाव्याला वळसा घालून, दोन्ही स्की नीट एका बाजूनं काढून ती पुन्हा सुटली. चुकली ते मी लिहिलं, परत येऊन बरोबर गेली तेही लिहिलं. प्रमुख बाईंनी कार्ड पाहिलं आणि मी काय ओरडले ते विचारलं. म्हटलं, "बॅक." त्या हसल्या. "पुढच्या वेळी इंग्लिशमध्ये, प्लीज."

यादी लागली. पूर्ण केलेल्या मुलींमध्ये जुई शेवटची, तिच्या वरच्या मुलीपेक्षा वीसेक सेकंद मागे. पण यादीत! नावापुढे वेळ! कोचनी तिची पाठ थोपटली नि म्हणाले, "यल्ला, चल, पासपोर्टची कॉपी पाठव."

गाडीत मी तिला विचारलं, थांबून एकदा विचारलं का नाहीस गं? "दुसरं कुणी असतं तर आय वुड हॅव आस्क्ड," ती म्हणाली. "बट आई, यू नेव्हर से ओके व्हेन इट्स नॉट ओके. सो आय जस्ट क्लाइम्ब्ड." मी रडले, अगदी हमसून रडले.

त्या अर्ध्या सेकंदाबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, पण हे वाचेलच… जुई, तुझा माझ्यावर इतका विश्वास आहे हे मला त्या दिवशी कळलं. थँक्यू, बाळा.

आणि हो, करामाच्या बाजारातून दोन किलो पेढे आणलेत. पोरगी शेवटून पहिली आली म्हणून पेढे वाटणारे आम्हीच पहिले असू. सगळ्यांनी घरी या!