एका अक्षराची दारू

माझी वहिनी गिरजाबाई म्हणजे आरमोरीजवळच्या आमच्या गावात दारूबंदीची म्होरकी. बाया गोळा करून भट्ट्या फोडत हिंडे. दारू गाळणारा कोलू तिले पाहून मडकी लपवे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना अस्वलानं तिचा डावा गाल फाडला. भरपाईचा अर्ज मी लिहिला. रेंजर साहेब मद्रासकडचा, म्हणून इंग्रजीत. इंग्रजीत मी दोनदा नापास, पण ऐट केवढी! महिन्यानं अर्ज परत आला. खाली बाबूचा शेरा: 'बिअरच्या नशेत जखम, सबब नामंजूर.'

कोलूले तर सणच झाला. चौकात बोंबलला, "आमची भट्टी फोडते अन् सोता बिअर ढोसते!" विहारातल्या बायांच्या पुढच्या मीटिंगले एकटी शेजारची रुखमा आली. वहिनी पहिल्यांदाच रडली.

मी अर्ज घेऊन गुरुजीकडं पळालो. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अबे वामन, अस्वलाच्या स्पेलिंगात दुसऱ्या ई च्या जागी ए पाह्यजे. तू दोन ई लावून बाटली केली!"

वहिनीपुढं जाऊन कान पकडले. वाटलं, आता झोडपते.

"काऊन उभे राह्यले भाऊजी? कोणतं अक्षर चुकलं ते दाखवा."

भिंतीवर कोळशानं दोन्ही शब्द लिहून दिले. जन्मात पाटी न धरलेली बाई ते आठ दिवस गिरवत राह्यली. नवव्या दिवशी मले घेऊन रेंज ऑफिसात.

बाबू खेकसला, "भरपाई पाहिजे तर नवा अर्ज करा."

"भरपाई गेली चुलीत! मले माझं नाव साफ पाह्यजे."

तिनं आत जाऊन थेट रेंजर साहेबाच्या टेबलावर अर्ज ठेवला, त्याचाच पेन उचलला, चुकलेला ई कापला अन् वर वाकडातिकडा ए काढला. मग गालावरचा पदर सारला. "साहेब, बाटलीले नखं असतात काय?"

साहेबाले मराठी कळत नव्हती. गाल पाहून तो खुर्चीतून उठलाच. शेरा खोडून त्यानं सही-शिक्का मारला.

संध्याकाळी चौकात बाया जमल्या. कोलूही होता. कागद वाचायले मी हात पुढं केला.

"तुम्ही नका वाचू भाऊजी. तुमचं वाचणं-लिहिणं पाह्यलं मी."

बाया खो खो हसल्या. वहिनीनं एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "बी... ई... ए... आर. अस्वल!"

मग कागद कमरेला खोचून म्हणाली, "चला गं, कोलूच्या भट्टीवर."

अन् साऱ्याच्या साऱ्या निघाल्या.