हळदीवर धावलेली जीप

हसणार असाल तर आधी चहाचे कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला होता, म्हणून म्हटलं!

झालं काय, भाचीचं लग्न होतं. मी तिचा एकुलता एक मामा. मुलगी सोलापूरची, नवरदेव अकलूजचा, आणि लग्न सोलापुरात, संध्याकाळच्या मुहूर्तावर. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आधी हळद नवरदेवाला लागते आणि त्यातली उरलेली, उष्टी हळद नवरीला. ती आल्याशिवाय नवरीच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही. मग ती अकलूजहून आणायची कुणी?

"मी आणतो की! माझी जीप कशाला आहे?"

अक्कानं, म्हणजे नवरीच्या आईनं, कपाळाला हात लावला. "बाळू, ती डिझेलची म्हातारी नको रे बाबा. वाटेत बसली तर पोरगी इथं हळदीवाचून ताटकळत बसेल!"

"अक्का, जीप म्हातारी असेल, मामा खंबीर आहे!"

काय पण रुबाब! सकाळी अकलूजला पोचलो. नवरदेवाला हळद लागली. त्याच्या आत्याबाई एक मोठा स्टीलचा डबा आणि फडक्यात बांधलेली वाटी घेऊन मागच्या सीटवर बसल्या, आणि निघालो.

मोडनिंब मागं पडलं आणि काटा चढायला लागला. वेगाचा नव्हे हो, इंजिनच्या गरमीचा! बॉनेटमधून भसाभसा वाफ.

"मामा, गाडीत चहा उकळायलाय व्हय?" मागून आत्याबाई.

एका ढाब्यापाशी गाडी घेतली. आत्याबाई लिंबाखाली बाजेवर चहा पीत बसल्या. इंजिन निवल्यावर मी फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. आत खडखडाट! पाणी गळत होतं हे उघड होतं, पण कुठून? पंख्यानं सगळीकडं असं उडवलं होतं, की रेडिएटर ओला, पाइप ओले, सगळंच ओलं.

तेवढ्यात ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती आठवली. रेडिएटरमध्ये हळद टाकली की बारीक भोक बुजतं. हळद! आणि आपण गाडीतून नेतोय काय?

थांबा, थांबा. मी इतकाही खुळा नाही. मानाची हळद मोठ्या डब्यातच असणार, नाही का? एवढं अकलूजचं तालेवार घर, ते मानाची हळद वाटीत पाठवतंय होय? वाटीतली आपली वरखर्चाची. दिली पाण्यात कालवून ओतून, आणि केली गाडी सुरू.

गळती काही थांबली नाही. पण पिवळी धार दिसली की! वरच्या जाड रबरी पाइपाच्या तोंडाशी, क्लिपच्या खाली, चांगली बोटभर चीर.

"सापडला!" मी असा ओरडलो, की ढाबेवाला चोर समजून काठी घेऊन धावत आला.

त्याच्याकडनं सुरी घेतली, पाइपाचं चिरलेलं टोक कापलं, उरलेला पाइप परत दाबून बसवला, क्लिप करकचून आवळली, पाणी भरलं. थेंब नाही! काटा कसा शहाण्या पोरासारखा जागेवर. काय सांगू, त्या क्षणी मला कुणी विमान दुरुस्त करायला दिलं असतं तरी मी केलं असतं.

मोहोळपर्यंत मी शीळ घालत होतो.

"मामा, तुमी लई हुशार. पर हाताला हळद कशी वो?"

"वाटीतली. थोडी रेडिएटरला पाजली."

आत्याबाई सीटवरून पुढं वाकल्या.

"वाटीतली?"

"हो. उष्टी हळद डब्यात आहे ना?"

"डब्यात बुंदी हाय, मामा!"

मी असा ब्रेक दाबला, की बुंदीचा डबा पुढं आला. आणि नेमका अक्काचा फोन. "बाळू, हळद कुठंय? बायका गाणी म्हणून दमल्या!"

"गाडीतच आहे, अक्का." खोटं नाही बोललो. गाडीतच होती!

पोरीला आता काय तोंड दाखवू? आत्याबाईंनी मात्र वाटी डोळ्यांपाशी नेली, कडेकडेनं बोट फिरवलं. "हाय की बोटभर. घरच्या हळदीत कालवू, नवरीला पुरं हाय." मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या त्या थांबेचनात. "पर नवऱ्याची उष्टी हळद तुमच्या जीपला लागली की वो! म्हंजी आमाला दोन सुना!"

"आत्याबाई, पाया पडतो, कुणाला सांगू नका."

"आवं, मी कशाला सांगतीया?"

वेळेत पोचलो. पोरीला हळद लागली. अक्काचे डोळे भरून आले. "बाळू, राखलीस रे लाज." आणि मी? फेटा बांधून, छाती काढून, मांडवातल्या प्रत्येक पाहुण्याला ती गळती कशी पकडली ते सांगत फिरलो. हळदीचा भाग तेवढा वगळून.

मुहूर्ताची वेळ झाली. अंतरपाट धरला गेला. मी भाचीला आणायला ऐटीत उठलो. पुढच्या रांगेत आत्याबाई मान खाली घालून पदर सारखा करत होत्या. गुरुजींनी माइक तोंडापाशी घेतला.

"मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं. जीपला आणू नये!"