बिनलेबलची डबी

नोकरीतले बहुतेक पंचनामे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. मुरुडच्या रुग्णालयात एका नुकत्याच लग्न झालेल्या मुलीच्या मृतदेहाशेजारी झालेला पंचनामा मात्र मनातून जात नाही. त्या प्रकरणातल्या कोणाचंही नाव मी इथे देणार नाही. त्यांनी पुरेसं सोसलं आहे.

मी त्या पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. विहिरीवरून पाणी आणताना एक सून धाप लागून खाली बसली आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत गेली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अशा वेळी कायदा काटेकोर आहे. तहसीलदारांना बोलावलं, त्यांच्यासमोर पंचनामा झाला. अंगावर मारहाणीची खूण नव्हती. पाय आणि पापण्या सुजलेल्या होत्या. हात सावळे आणि चेहरा, मान मात्र उजळ, हे महिला उपनिरीक्षकांनी दाखवलं. तेही पंचनाम्यात घेतलं. त्याचा अर्थ तेव्हा कोणालाच लागला नाही.

दुपारी मुलीचे वडील चौलहून आले. नारळी-सुपारीची वाडी करणारा साधा, शांत गृहस्थ. शवागारातून बाहेर आले ते थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"साहेब, माझ्या पोरीला त्यांनी मारलंय. सासू तिला काळी म्हणून हिणवायची. दोन महिने ती सुजत होती. आम्हाला म्हणाले, अशक्तपणा हाय."

मागे मुलीची आई भिंतीला टेकून बसली होती. 

शवविच्छेदनात फुप्फुसात रक्ताची गुठळी सापडली. मूत्रपिंडं खराब झालेली होती. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं मत राखून ठेवलं आणि व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. त्याच आठवड्यात ठाण्यात एका बाईचा निनावी फोन आला. सासू सुनेसाठी एका वैदूकडून पुड्या आणायची, तेवढंच सांगून तिनं फोन ठेवला.

प्रयोगशाळेकडे तातडीचं पत्र देऊन माणूस पाठवला होता, त्यामुळे अहवाल लवकर आला. मूत्रपिंडात पारा होता. सूज, हिणवणं, वैदूच्या पुड्या आणि आता पारा. वडिलांची फिर्याद नोंदवली आणि नवऱ्याला व सासूला अटक केली.

नवरा मुरुड-रेवदंडा मार्गावर सहा आसनी रिक्षा चालवायचा. चौकशीत खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा बोलतच नव्हता. काही विचारलं की मान खाली. सासू उलट पहिल्याच प्रश्नाला उसळली.

"पुड्या आणल्या व्हत्या, सुजीवर. तिचे पाय बघवत न्हवते. मी सोता आधी खाल्ली, मग तिला दिली."

"तिला काळी म्हणायचात का?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "म्हटलं. लग्नाच्या आधी म्हटलं, नंतर पन म्हटलं. त्याची काय ती शिक्षा करा साहेब. पन विष म्या न्हाय घातलं."

घरात उरलेल्या पुड्या जप्त करून तपासणीला पाठवल्या. त्यांत पारा निघाला नाही. वैदूची झडती घेतली, तिथेही काही नाही. पाऱ्याशिवाय आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

मग एके दिवशी लॉकअपवरचा पहारेकरी म्हणाला, "साहेब, त्या रिक्षावाल्याच्या पायात त्याच्याच चपला जाईनात."

मी आत जाऊन पाहिलं. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंना आमचा अहवाल माहीत होता, म्हणून त्यांनी दोन्ही आरोपींच्या लघवीचे नमुने पाऱ्यासाठीही पाठवले. नवऱ्याच्या लघवीत पारा निघाला, थोडाच, पण निघाला. सासूच्या नमुन्यात काही नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिघं एका चुलीचं खात होते. पारा जेवणातून गेला असता तर सासूच्याही अंगात दिसला असता. या दोघांमध्येच असं काय होतं?"

दोघांमध्ये होती ती त्यांची खोली. पंचांना घेऊन पुन्हा गेलो. पहिल्या झडतीत आम्ही औषधं, बाटल्या, कीटकनाशक शोधलं होतं. या वेळी मुलीची पेटी उघडली. साड्यांच्या घडीत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या निघाल्या. काही रिकाम्या, एक अर्धी. डबीवर कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, पत्ता नाही. आत मोतिया रंगाची क्रीम.

ठाण्यात परत येऊन मी अर्धी डबी नवऱ्यासमोर ठेवली. तो पहिल्यांदाच रडला.

"रोज झोपताना लावायची. बोटांना उरलेली माझ्या गालाला पुसायची. म्हणायची, तुम्ही पण थोडे गोरे व्हा, जोडा शोभंल. ती गेल्यावर अटक होईपर्यंत मी तिच्याच उशीवर झोपायचो."

"ही आणायची कुठून?"

"माहेराहून यायची. तिची आई पाठवायची."

क्रीममध्ये पारा ठासून भरलेला निघाला. डॉक्टरबाईंनी मला सोप्या शब्दांत समजावलं. पारा कातडीला रंग तयार करू देत नाही, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. पण तो कातडीवर थांबत नाही. आत शिरतो, मूत्रपिंडात साचतो. मग अंग सुजतं, रक्त गोठायला लागतं. एकाच बिछान्यात झोपणाऱ्यालाही तो लागतो.

मी महिला उपनिरीक्षकांना घेऊन चौलला गेलो. वडील वाडीत होते. आई ओटीवर एकटी सुपाऱ्या सोलत बसली होती. आम्हाला बघून उठली, पाणी आणलं. मी डबी दाखवली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं, लेकीची वस्तू परत आली म्हणून.

"ही तुम्ही पाठवायचात?"

"हो. आमच्या इथे पार्लरवाली बाई देते. दोन स्थळं रंगावरून परत गेली होती, साहेब. तिसऱ्या वेळी ही लावली आणि जमलं. मग सासरी कोणी बोलू नये म्हणून पाठवत राहिले. महाग होती, पण घरात सांगितलं नाही."

काही बातम्या सांगण्याची पद्धत कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. उपनिरीक्षकांनी तिचा हात धरला आणि मी सांगितलं. तिनं पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "सूज आली होती, तेव्हा थांबवली असती तर?"

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, लवकर थांबवली तर पुष्कळ जण बरे होतात." खोटं बोलता आलं नाही.

"तिनं फोनवर सांगितलं होतं, आई, तोंड सुजल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, लावत राहा, आलेला गोरेपणा जाईल नाहीतर." ती खाली बसली. "साहेब, हळदीच्या आधी तर मीच लावायचे. ह्या हातांनी. ह्यांना सांगू नका. तेवढं करा."

पण वडील वाडीतून येऊन ओटीच्या पायरीशी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.  ते बायकोच्या शेजारी बसले आणि सोललेल्या सुपाऱ्या उगाच टोपलीत भरू लागले. मग मला विचारलं, "ती दोघं अजून आत आहेत?"

पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात गेला आणि मायलेकांची सुटका झाली. वडील त्या दिवशी ठाण्याच्या फाटकापाशी येऊन थांबले होते. सासू बाहेर आली तसे त्यांनी हात जोडले.

"विहीणबाई, माझं चुकलं."

 तिचे कित्येक दिवस लॉकअपमध्ये गेले होते, गावानं तिला खुनी ठरवलं होतं. ती म्हणाली, "मी तिला काळी म्हटलं नसतं तर तिनं ते लावलं असतं का, व्याहीबुवा? हात नका जोडू." आणि मुलाच्या दंडाला धरून एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागली. माफ केलं असंही तिनं म्हटलं नाही.

पार्लरवालीला अटक केली. तिला पारा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. मुंबईच्या बाजारातला एक माणूस मोठ्या बरणीत क्रीम आणून द्यायचा, ती डब्यांत भरायची. स्वतःच्या मुलीलाही लावत होती. मुलीची तपासणी करायला सांगितलं तेव्हा तिनं माझे पाय धरले. सुदैवानं ती मुलगी वेळेत बरी झाली. मुंबईतला तो माणूस मात्र सापडला नाही. त्याचा फोन बंद, दुकान दुसऱ्याच कोणाचं. औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी नमुने नेले, खटला दाखल झाला. मी निवृत्त झालो तेव्हा तो चालूच होता.

पण विकलेल्या डब्या गावागावांत होत्या. आम्ही रिक्षावर भोंगा लावून आवाहन केलं, शाळेत सांगितलं. एकही डबी ठाण्यात जमा झाली नाही. एका घरात मला एक मुलगी दारातूनच म्हणाली, "आमच्याकडे असलं काही नाही." तिचा चेहरा उजळ होता आणि हात सावळे.

काही दिवसांनी मयत मुलीची आई ठाण्यात आली. आमच्या उपनिरीक्षकांना म्हणाली, "चला, मी येते बरोबर." दोघी घरोघर गेल्या. मी एका घरी बाहेर उभा होतो. आत सात-आठ बायका जमल्या होत्या. नवऱ्यापासूनही लपवायची विनंती करणारी ती बाई सगळ्यांसमोर सांगत होती, "माझी पोर ह्याच्यानं गेली. सासूनं नाही दिलं. मीच लावलं तिच्या तोंडाला."

 मग त्या घरातली एकजण उठून आतल्या खोलीत गेली आणि डबी घेऊन बाहेर आली. तिच्यामागून दुसरी उठली, आपल्या घरची डबी आणायला.

विषप्रयोगात आम्ही आधी वैर शोधतो, लाभ शोधतो. तपास तिथूनच सुरू होतो आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो. इथे विष मायेच्या हातानं गेलं होतं, आणि मुलीनंही ते आनंदानं घेतलं होतं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक मृत्यूच्या तपासात मी एक प्रश्न वाढवला. या माणसाला कोण छळत होतं, हे तर विचारायचोच. त्याला बदलावंसं का वाटत होतं, तेही विचारू लागलो. त्या मुलीच्या बाबतीत याचं उत्तर आम्ही लिहून घेतलेल्या प्रत्येक जबाबात होतं. तिला, तू आहेस तशी पुरेशी आहेस, असं कोणीच कधी म्हटलं नव्हतं.