सरासरीची पाळी

१९९६ सालचा रविवार. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, आटोपून इंदिरानगरच्या घरी आम्ही तिघं बसलो होतो: मी, बायको आणि चर्चमध्ये जोडप्यांना नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवणाऱ्या बाई. दोन सिझेरियननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, तिसरं मूल जिवावर बेतेल. गोळ्या, ऑपरेशन चर्चला मान्य नव्हतं. म्हणून बाईंचा तक्ता: पाळीचे दिवस लाल, कोरडे म्हणजे सुरक्षित दिवस हिरवे, मूल राहण्याचे पांढरे.

बाई अविवाहित. प्रत्येक वाक्याला ‘बरं का’ जोडायच्या, बशीतली बिस्किटं मोजून दोनच घ्यायच्या आणि जाताना भरलेला तक्ता पर्समध्ये घालून न्यायच्या. तो फादरांना दाखवतात, असा मला दाट संशय होता.

त्या दिवशी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तक्ता डोळ्यांजवळ धरला.

"सगळे महिने अठ्ठावीसचे? कुणी भरलं हे?"

"मी. मागच्या वर्षाची सरासरी काढून."

"साहेब, सरासरीला पाळी येत नाही, बरं का! हिला रोज विचारायचं होतं."

मी हसलो. बायको हसली नाही. खाली बघत म्हणाली, "दहा दिवस वर झालेत, बाई."

बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"उद्या दवाखान्यात मी येते तुझ्याबरोबर. यांना राहू दे घरी."