नेलिदाचा वेगळा भोपळा

अर्जेंटिनातल्या आमच्या ओबेरात येर्बा, म्हणजे पानांचा कडू चहा, एकट्यानं कोणी पीत नाही. पेला म्हणून कोरलेला एकच सुका भोपळा, ओढायला एकच नळी. आपलं पिऊन झालं की भोपळा भरून पुढचीच्या हातात. नको म्हणणाऱ्या माणसाचं काहीतरी बिनसलंय, असं इथं सरळ धरून चालतात. नेलिदा वासियुक चाळीस वर्षं त्या फेरीत बसली आणि साठाव्या वर्षी तिच्यावर नको म्हणायची वेळ आली.

तिचं यकृत कामातून गेलं तेव्हा पित्ताम्लं रक्तात साचून अंगभर खाज सुटली होती. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसानं ती रक्त येईपर्यंत पाठ घासायची. मग बुएनोस आयरेसला कुणा अनोळखी माणसाचं यकृत तिला बसवलं. शरीरानं ते परकं म्हणून झिडकारू नये यासाठी सकाळ-संध्याकाळ एक गोळी, आणि पित्त वाहतं राहावं म्हणून पित्ताम्लाचीच दुसरी.

"ज्यानं वर्षभर खाजवून मारलं, तेच आता गिळायचं, बघा!" असं ती हसून सांगायची.

पहिल्या गोळीनं प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून दुसऱ्याची उष्टी नळी बंद. नेलिदा आपला वेगळा भोपळा घेऊन नणंदेकडे, ओल्गाकडे, नेहमीच्या फेरीला गेली.

"आल्या बाईसाहेब आपलं भांडं घेऊन! आम्हाला काय रोग झालाय का गं?" ओल्गा म्हणाली.

सगळ्या हसल्या. नेलिदाही हसली. पण भोपळा तिला ओलांडून पुढे जायचा आणि त्याच्याबरोबर गप्पाही. महिन्याभरात तिनं जाणं सोडलं. ओल्गाचा मला अजून राग येतो.

येत राहिली ती शेजारची एर्सिलिया. ती स्वतःचा भोपळा घेऊन यायची. किटली तेवढी दोघींत एक. एकदा नेलिदा म्हणाली, "झोप लागत नाही गं. घर खायला उठतं."

"मी आहे ना," एर्सिलिया म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती गरम पाणी घरूनच आणू लागली. "हिपेरिकोची पिवळी फुलं घातलीत त्यात. शांत झोपशील."

येर्बाच्या पाण्यात इथं प्रत्येकजण काही ना काही झाडपाला टाकतो. त्याला औषध कोणी म्हणत नाही. नेलिदाही पीत राहिली, आणि झोप खरंच लागू लागली.

तीन आठवड्यांनी रक्ततपासणीत यकृताचे आकडे भडकलेले निघाले.

"गोळी चुकवलीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकदाही नाही."

"मग नवीन काय खाता, काय पिता?"

नेलिदाला ती पिवळी फुलं आठवली. खरं सांगितलं तर एर्सिलियाही जाणार, हे तिला त्या खुर्चीतच कळलं.

"नेलिदाबाई, शरीर यकृत नाकारायला लागलंय. पित्ताची गोळी काही ते थांबवणार नाही. बोला."

तिनं सांगितलं. त्या फुलांमुळे पहिल्या गोळीचं औषध रक्तात टिकतच नव्हतं. आठवडाभर तिला दवाखान्यात ठेवून शिरेतून औषधं दिली.

घरी आल्यावर कुंपणापाशी तिनं जमेल तितक्या हळुवारपणे विषय काढला. "ती फुलं नको घालूस हं आता. माझ्या गोळीचा जोर जातो त्यानं."

एर्सिलिया पांढरीफटक पडली. "म्हणजे रोज येऊन मी तुला मारत होते?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच की."

त्यानंतर ती आली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, राग उतरतो. ती घाबरली होती.

पुढच्या महिन्यात रिपोर्ट चांगला आला. नेलिदा बसमधून उतरली ती तडक एर्सिलियाच्या फाटकाशी गेली आणि टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे तीच घंटा. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

"एर्सिलिया, आकडे उतरले गं! यकृत वाचलं!"

दार उघडलं नाही. तिनं पुन्हा टाळ्या वाजवल्या, मग खिडकीतून दिसावा म्हणून रिपोर्ट कुंपणावर उंच धरला. हात दुखायला लागेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग घरी गेली.